मुद्दाम ढिला ठेवलेला बोल्ट

तेलीबागेतल्या माझ्या कारखान्यात नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "साहब कहाँ हैं?" मी सांगायची, साहेब आसामात आहेत, हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करतात, बेंच हवा असेल तर माझ्याशी बोला. मग ते गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, माझ्या हातातल्या काटकोन तपासायच्या गुण्याकडे बघायचं आणि शेवटी मागे रंधा मारत असलेल्या रामअवध मिस्त्रीकडे आशेने बघायचं. रामअवध मान वर न करता म्हणायचा, "भाभीजी से ही बात कीजिए।" तरीही निम्म्या लोकांना वाटत राहायचं की आतल्या खोलीत खरा मालक लपवून ठेवलेला आहे. मला त्याचा राग येत नसे. ते माझ्याकडे संशयाने बघत, मी त्यांच्याकडे त्याहून जास्त संशयाने बघे, आणि या पायावर आमचा व्यवहार छान चाले.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. आमची मुलगी लखनौत वाढली, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. ती म्हणायची, "मम्मी, आप तो दूधवाले की भैंस पर भी शक करती हो।" हे साफ खोटं आहे. म्हशीवर मी कधीच संशय घेतला नाही, तिच्या मालकावर घेतला, आणि तो बरोबर निघाला.

हा स्वभाव वडिलांकडून आला. ते मिरजेच्या एका तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायचे. लाकूड विकत घेताना त्यांचा चेहरा उलटतपासणी करणाऱ्या वकिलासारखा व्हायचा. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या कार्यशाळेत बसायची आणि बघता बघता करवत, पटाशी, रंधा सगळं हाताळायला शिकले. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांमागून फिरत लखनौला आले. त्यांची पुढची बदली आसामात झाली तेव्हा मुलीच्या शाळेसाठी मी इथेच राहिले, आणि रिकामं बसवेना म्हणून रायबरेली रोडजवळ एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन सुतारी बेंच बनवायला लागले. बेंच म्हणजे शाळेतला बसायचा बाक नव्हे. ज्यावर लाकूड शिकंज्यात अडकवून कापायचं, रंधायचं, ठोकायचं, ते जाड आणि जड टेबल. तंत्रशाळांना लागतं, कारखान्यांना लागतं, कधी एखाद्या हौशी माणसालाही लागतं.

लाकूडवाल्याशी माझी कायमची लढाई होती. तो शीशमच्या ओल्या फळीवर हात फिरवून म्हणायचा, "एकदम सूखा माल है, भाभीजी, बरसों से पड़ा है।" मी त्याच फळीचा एक तुकडा कापून मागायची, घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन करायची, गच्चीत आठवडाभर ठेवायची आणि पुन्हा वजन करायची. वजन घटलं की तुकडा घेऊन त्याच्या वखारीत हजर. पुढे पुढे मी लांबून दिसले तरी तो आपल्या माणसांना ओला माल मागे ढकलायला सांगायचा, असं मला रामअवधने सांगितलं. रामअवधवरही माझा पूर्ण विश्वास होता असं नाही, पण ही बातमी मी खरी मानली.

आता थोडं कामाविषयी सांगते, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. बेंचच्या वरच्या भागाला आम्ही माथा म्हणायचो. बऱ्याच जाड फळ्या शेजारी शेजारी चिकटवून तो तयार होतो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं. लखनौला मे-जूनमध्ये लूचे गरम वारे सुटले की माथा सुकून आखडतो, श्रावणात फुगतो. त्याची दोन्ही टोकं उघडी ठेवली तर ती तडकतात आणि फळ्या उन्हात घातलेल्या पापडासारख्या वाकड्या होतात. म्हणून दोन्ही टोकांना एकेक जाड आडपट्टी बसवायची. माथ्याच्या टोकाला जीभ काढायची, पट्टीत खाच पाडायची आणि जीभ खाचेत सारायची. इथपर्यंत कुठलाही बरा सुतार येतो.

खरी गोम पुढे आहे. माथा रुंदीत कमीजास्त होणार आणि आडपट्टी आहे तेवढीच राहणार. दोघांना पूर्ण लांबीभर सरस लावून, चिकटवून जखडलं, तर उन्हाळ्यात माथ्याला आखडायला वाव मिळत नाही आणि तो मधोमध फाटतो. म्हणून सरस फक्त पुढच्या कडेला, वीतभर. तिथला बोल्ट घट्ट. मधला आणि मागचा बोल्ट मात्र लांबट भोकात घालायचा आणि त्याचा नट, जो बेंचच्या पोटात खालून कोरलेल्या कप्प्यात बसतो, तो मुद्दाम जरासा ढिला ठेवायचा. पट्टी माथ्याला सपाट धरते आणि माथा तिच्या खाचेत मागेपुढे सरकतो. ज्या बेंचवर माणसं घणाचे घाव घालणार, त्यात दोन बोल्ट जाणूनबुजून ढिले सोडायचे, हे ऐकून लोकांचे चेहरे बघण्यासारखे होत.

तपासणीसाठी मी एक युक्ती ठेवली होती. बेंच उलटा करून मागच्या कडेजवळ माथ्यावरून आडपट्टीवर जाणारी पेन्सिलीची एक रेघ मारायची. पहिल्याच उन्हाळ्यात ती रेघ सांध्यावर तुटलेली दिसायला हवी, अर्धी थोडी इकडे, अर्धी थोडी तिकडे. रेघ अखंड राहिली तर समजायचं, कुणीतरी काहीतरी गडबड केली आहे.

अलीगंजच्या एका निवृत्त होमिओपॅथ डॉक्टरांना लाकडी खेळणी करायचा नाद होता. त्यांनी माझ्याकडून बेंच नेला आणि जूनमध्ये स्कूटरवरून तणतणत आले. मागच्या बाजूला पट्टी बाहेर आली आहे, हात लागतो, अर्धवट माल दिला आहे, अशी तक्रार. मी सांगितलं, डॉक्टरसाहेब, श्रावणात या, मग बोलू. ते खरंच आले, आणि येताना शेजाऱ्याला साक्षीला घेऊन आले. आता माथा पट्टीच्या बाहेर आला होता. त्यांना वाटलं, मी मधल्या काळात कुणाला तरी त्यांच्या घरी पाठवून गुपचूप पट्टी घासून घेतली. मी कितीही समजावलं तरी शेजारी मान हलवत राहिला. दुसऱ्या वर्षी हीच गंमत पुन्हा घडल्यावर डॉक्टरांचं समाधान झालं. शेजाऱ्याचं शेवटपर्यंत झालं नाही.

अशी माझी वर्षं चालली होती आणि एका हिवाळ्यात नवरा हवाई दलातून निवृत्त होऊन घरी आला. कॉलनीत सगळे त्यांना सार्जंट म्हणायचे, इथे मीही तेच म्हणते. सार्जंटांनी सगळी नोकरी विमानांच्या सांगाड्यांची देखभाल करण्यात घालवली होती. ढिला नट त्यांना बघवत नसे. घरी आल्यावर महिन्याभरात आमच्या पंख्यांचे, खिडक्यांचे, पलंगाचे सगळे स्क्रू आवळून झाले. एकही खुर्ची करकरत नव्हती. नळ इतके घट्ट बंद व्हायचे की मला सकाळी ते उघडायला त्यांना हाक मारावी लागे. मग करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला. ते कारखान्यात येऊन बसायला लागले. गिऱ्हाइकं आनंदाने त्यांच्याकडे वळायची, "आइए साहब, आप ही का इंतज़ार था," आणि सार्जंट माझ्याकडे बोट दाखवायचे. दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. शेवटी मी त्यांना माल पोचवायचं काम दिलं. टेम्पोबरोबर जायचं आणि जागेवर बेंच उलटे ठेवून पाय बसवायचे. ते खूश झाले, मीही सुटले.

त्याच हिवाळ्यात इंदिरा नगरच्या एका तंत्रशाळेची मोठी मागणी आली होती. तिथल्या कार्यशाळेचे प्रमुख श्रीवास्तवजी फार गोड बोलायचे आणि म्हणूनच मला ते आवडत नसत. निम्मे बेंच फेब्रुवारीत द्यायचे आणि उरलेले पावसाळ्यानंतर, असं ठरलं. सार्जंटांनी पहिला माल नेला, तीन दिवस तिथे राबून पाय बसवले आणि सगळं ठाकठीक आहे असं सांगितलं.

जूनमध्ये परीक्षेसाठी शाळेची कार्यशाळा उघडली आणि श्रीवास्तवजींचा निरोप आला, ताबडतोब या. मी रिक्षाने गेले. बाहेर लू वाहत होती, आत बेंच रांगेत उभे होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर मधोमध भेग पडली होती. काहींमध्ये केसाएवढी, काहींमध्ये पोस्टकार्ड सहज आत गेलं असतं एवढी. श्रीवास्तवजी गोड आवाजात म्हणाले, "आपके मिस्त्री का काम तो बड़ा मशहूर सुना था।" मी बेंचखाली वाकले आणि पेन्सिलीच्या रेघा बघितल्या. सगळ्या अखंड होत्या. म्हणजे एकही माथा सरकला नव्हता.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात आरोपींची रांग लागली. लाकूडवाला पहिला, पण ओलं लाकूड असतं तर भेगा टोकाला आणि वेड्यावाकड्या पडल्या असत्या. दुसरे श्रीवास्तवजी. त्यांच्या मेव्हण्याची लाकूड कापायची गिरणी आहे असं कानावर आलं होतं, तेव्हा माझी मागणी मोडायला त्यांनीच काही केलं नसेल कशावरून? शाळेचा चौकीदार माझी नजर चुकवत होता, तो तिसरा. टेम्पोवाला चौथा. आणि मनात सगळ्यात खोलवर रामअवध. लांबट भोकं पाडणं हे कंटाळवाणं काम आहे. मोठी मागणी, मागे लागलेली घाई, तो सरळ पूर्ण लांबीभर सरस फासून मोकळा झाला असेल तर? एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. जे बेंच गिऱ्हाइकांनी स्वतः कारखान्यातून नेले होते, त्यातला एकही फाटल्याची तक्रार नव्हती. पण मी ती गोष्ट लाकडाच्या वेगळ्या खेपेवर टाकून दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी सरसाचं भांडं माझ्या कपाटात ठेवायला लागले आणि स्टूल घेऊन रामअवधच्या समोर बसायला लागले. मी त्याला काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. मिस्त्रीची हत्यारं त्याची स्वतःची असतात. ज्या कारखान्यावर भरवसा आहे तिथे तो हत्यारांची पेटी रात्री ठेवून जातो, नसेल तर संध्याकाळी घरी घेऊन जातो. रामअवधची पेटी वर्षानुवर्षं माझ्या शेडमध्ये असायची. त्या संध्याकाळी त्याने ती सायकलच्या मागे बांधली.

तिसऱ्या दिवशी तो रंधा खाली ठेवून उभा राहिला. "भाभीजी, आप सामने बैठी रहेंगी तो मुझसे काम नहीं होगा। शक है तो साफ़ कहिए।"

मी साफ सांगितलं. बेंच फाटले आहेत, पट्ट्या जाम आहेत, आणि त्या तू बसवल्या आहेस. तो रागावला नाही, हे मला जास्त लागलं. तो म्हणाला, एक बेंच इथे मागवा आणि माझ्या देखत खोला. सरस निघाला तर मी त्याच पावली घरी जातो. आणि नाही निघाला, तर ज्याने केलं त्याचं नाव मला कळलं पाहिजे, कारण इंदिरा नगरमध्ये नाव माझं खराब झालं आहे.

या विषयात मला माघार घ्यावीशी वाटत नाही. मी संशय घेतला यात मला आजही चूक दिसत नाही; समोर फाटलेले माथे होते आणि ते बनवणारे हात त्याचे होते. पण एक हिशेब मला तेव्हाही कळत होता. रामअवध गेला असता तर माझा कारखाना बंद पडला असता. लखनौत सुतार शेकड्यांनी होते, पण बाईच्या सांगण्यावरून बोल्ट ढिला ठेवणारा एकच होता.

एक बेंच परत आणला. आम्ही दोघांनी तो उलटा केला. रामअवधने पाना लावला आणि नट हलेना. त्याने पटाशीच्या टोकाने कप्पा कोरला, तर आतून पिवळट, काचेसारखं टणक काहीतरी निघालं. नटाभोवती, बोल्टाभोवती, लांबट भोकात, सगळीकडे तेच भरलेलं होतं. सरसाचा कुठे पत्ता नव्हता. पुढच्या कडेला वीतभर, जिथे असायला हवा तिथेच तो होता. रामअवधने तो पिवळा तुकडा नाकाशी धरला, दाताखाली चावून बघितला आणि माझ्या हातावर ठेवला. "यह सरेस नहीं है, भाभीजी। यह चीज़ मैंने कभी इस्तेमाल नहीं की।"

मला मात्र ती चीज चांगली माहीत होती. आमच्या कुकरची तुटलेली मूठ त्याच पिवळ्या पदार्थाने जोडली होती, मुलीच्या कंपासपेटीचं झाकण त्याने जोडलं होतं, देवघरातल्या समईचा दांडाही त्यानेच उभा होता. दोन नळ्यांमधलं मिश्रण कालवायचं आणि लावायचं, मग ते जन्मात सुटत नाही. विमानवाल्यांचं एपॉक्सी. सार्जंटांनी त्याचा साठा करून ठेवला होता.

रामअवध माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी म्हटलं, हे तुझं काम नाही. तो म्हणाला, "तो किसका है?" नवऱ्याचं नाव कारखान्यात उच्चारून त्याला खाली पाहायला लावायचं, का मिस्त्रीला तसंच लटकवत ठेवायचं, यातलं काहीच मला जमेना. मी संध्याकाळपर्यंत थांब म्हणाले. त्याने पेटीचं झाकण बंद केलं आणि पेटीवर बसून राहिला.

मी तशीच घरी गेले. दुपारचा चहा चालला होता. सार्जंट वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, "अहो, शाळेच्या बेंचमध्ये एपॉक्सी तुम्ही भरलंत?"

"हो," ते अगदी सहज म्हणाले. "एकूण एक बोल्टमध्ये. तुझ्या मिस्त्रीने सगळे ढिले सोडले होते. नट कप्प्यात हलत होता अगं. विमानात असा नट सापडला असता तर अख्ख्या हँगरला कुणी जेवू दिलं नसतं."

मला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्यांनी आवाज खाली केला. त्यांचं म्हणणं, मी रामअवधला काढून टाकलं असतं, माणूस बालबच्चेवाला आहे, म्हणून त्यांनी विचार केला की आपणच गुपचूप नीट करून टाकावं. तीन दिवस शाळेच्या ओट्यावर पालथे बेंच ठेवून त्यांनी एकेका कप्प्यात ते मिश्रण भरलं होतं. भेगा पडल्याचं कळल्यावरही त्यांची खात्री होती की आपण बोल्ट पक्के केले म्हणून निदान एवढ्यावर निभावलं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. माथा, आडपट्टी, उन्हाळा, पावसाळा, लांबट भोक. माणूस यंत्रातला, अर्ध्यातच त्यांना कळलं. "म्हणजे भोक मुद्दाम लांबट?" मी हो म्हटलं. "आणि नट मुद्दाम ढिला?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली. हीच गोष्ट मी अलीगंजच्या डॉक्टरांना सांगितली होती, त्यांच्या शेजाऱ्याला सांगितली होती, टेम्पोवाल्यालासुद्धा एकदा सांगितली होती. घरातल्या माणसाला सांगायची राहून गेली होती.

मग त्यांनी विचारलं, "मी केलं हे कळायच्या आधी कुणाकुणावर संशय होता?"

मी यादी सांगितली. लाकूडवाला, श्रीवास्तवजी, टेम्पोवाला, रामअवध, शाळेचा चौकीदार.

"चौकीदारावर?"

"तो नजर चुकवत होता."

"आणि माझ्यावर?"

मी म्हटलं, "तुमच्यावर कशाला घेईन मी संशय?" मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी मी कुणाला तरी चांगलं काहीतरी म्हटलं आहे.

सार्जंट माझ्याकडे बघत नव्हते. ते म्हणाले, "बेंच मी नेले. मी उलटे केले. पाय मी बसवले. सगळ्यात जास्त वेळ त्यांच्याजवळ मी होतो. तू चौकीदारावर संशय घेतलास, आणि माझ्यावर नाही घेतलास. म्हणजे तुझ्या कारखान्यात मी कुणी नाहीच."

मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी बोलायला गेले तर ते उठून बाथरूममध्ये गेले आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला. इतकी वर्षं मी घर एकटीने चालवलं, कारखाना एकटीने उभा केला, याचा मला अभिमान होता आणि आहे. पण घरी परत आलेल्या माणसाला मी टेम्पोत बसवून दिलं होतं आणि माझं काम संपलं असं समजले होते. हे मला त्या बंद दाराकडे बघताना कळलं आणि कळून करायचं काय, ते कळलं नाही.

थोड्या वेळाने ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, चल. मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, तुझा मिस्त्री वाट बघत असेल. मी म्हटलं, मी सांगते त्याला काहीतरी. ते म्हणाले, काहीतरी नको.

शेडमध्ये रामअवध तसाच पेटीवर बसला होता. सार्जंट त्याच्यासमोर ताठ उभे राहिले. "मिस्त्री, पट्टियाँ मैंने जाम की थीं। मुझे लगा तुमने बोल्ट ढीले छोड़ दिए हैं।"

रामअवध म्हणाला, "साहब, मुझसे पूछ लेते।"

"लगा, तुम झूठ बोलोगे।"

मला वाटलं, आता हा पेटी उचलतो. पण रामअवधचा खांदा हलायला लागला. तो हसत होता. तो म्हणाला, साहेब, मला तर तीन दिवस वाटत होतं की हे भाभीजींनीच करवलं आहे, मला काढायला निमित्त हवं म्हणून. मी उसळून म्हटलं, मी माझेच बेंच फोडीन का? तो हिंदीत अत्यंत आदराने म्हणाला की आपल्याविषयी काही सांगता येत नाही. सार्जंटही हसायला लागले. मला हसू आलं नाही, पण त्या संध्याकाळी पेटी शेडमध्येच राहिली.

श्रीवास्तवजींना मी सांगितलं की चूक आमच्या माणसाकडून झाली आहे आणि आम्ही ती निस्तरून देऊ. कुठल्या माणसाकडून, हे त्यांनी गोड आवाजात तीनदा विचारलं. मी तीनदा चहा छान झाल्याचं सांगितलं. त्यांच्या मेव्हण्याची गिरणी खरंच होती, हे मला पुढे कळलं. म्हणजे तो संशयही अगदीच फुकट गेला नव्हता.

मग आम्ही तिघं शाळेच्या कार्यशाळेत जायला लागलो. ज्या माथ्यांच्या भेगा मोठ्या होत्या ते रामअवधने भेगेवरच चिरून पुन्हा जोडले. एपॉक्सी कोरून काढायचं काम सार्जंटांनी मागून घेतलं. ते सोपं नव्हतं. त्यांनीच ते सुटू नये असं भरलं होतं. बारीक ड्रिल लावून, लाकडाला धक्का न लावता, एकेक लांबट भोक त्यांनी मोकळं केलं, आणि मग नट आवळून पुन्हा जरासा मागे फिरवायला शिकले. त्या मागे फिरवण्याच्या वेळी त्यांच्या कपाळाला घाम यायचा. जन्मभर ज्या गोष्टीसाठी त्यांनी पोरांना शिक्षा केल्या, तीच आता हाताने करायची होती. एकदा तर मी त्यांना फिरवलेला नट पुन्हा चोरून आवळताना पकडलं. रामअवध गालात हसत तिकडे पाठ करून उभा राहिला.

शेवटच्या दिवशी सगळे बेंच उलटे मांडलेले होते. मी पाना घेऊन रांगेने तपासत निघाले. रामअवधचे बेंच बघितले. मग सार्जंटांच्या बेंचपाशी आले. ते पाठीमागे हात बांधून बाजूला उभे होते, ड्रिलच्या पिवळ्या भुकटीने शर्ट माखला होता.

"कसून बघ," ते म्हणाले.

मी कसून बघितलं. प्रत्येक बेंचची आडपट्टी धरून ओढली, प्रत्येक नटाला पाना लावला, टॉर्च लावून भोकांत बघितलं. श्रीवास्तवजी दारात येऊन उभे राहिले होते, त्यांनाही मी आत बोलावलं नाही. शेवटी मी दोन बोल्टांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे दोन्ही काढा, परत बसवा, असलं काम माझ्या कारखान्यात चालत नाही.

सार्जंट लगेच खाली बसले आणि त्यांनी दोन्ही बोल्ट काढायला घेतले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहत होते.

त्यातला एक बोल्ट अगदी बरोबर होता.